भट्टीच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा करणे : प्रायोगिक संचाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील आमच्या पेट्रोरसायन कारखान्यात, प्रक्रिया भट्टीच्या चिमणीतून जाणाऱ्या धुराचा एक छोटा प्रवाह बाजूला वळवून त्यातील कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या (अमोनियापासून बनणाऱ्या अल्कधर्मी रसायनाच्या) द्रावणात शोषून घेणारा प्रायोगिक संच उभारण्याचे काम आज सुरू झाले. संचाची क्षमता दिवसाला एक टन वायू एवढी ठरली आहे. भट्टी नैसर्गिक वायूवर आणि काही वेळा कारखान्यातच निघणाऱ्या हायड्रोजनयुक्त वायूवर चालते. नैसर्गिक वायूवर ती व्यवस्थित चालत असेल, तर बाहेर पडणाऱ्या ओल्या धुरात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जेमतेम आठ टक्के असते. म्हणजे त्यातला नव्वद टक्के वायू पकडायचा म्हटले, तरी एक टन हाती येण्यासाठी सुमारे साडेआठ टन धूर हाताळावा लागतो.

अमाइनने आम्लधर्मी वायू धुऊन काढण्याची पद्धत जुनी असून तिचे पेटंट अमेरिकेत १९३० साली दिले गेले. नैसर्गिक वायूच्या शुद्धीकरणात ती रोज वापरली जाते. पण तेथे वायू दाबाखाली असतो आणि त्यात ऑक्सिजन नसतो. आमच्या धुराला दाब नाही, वायू विरळ आहे, आणि सोबत असलेला ऑक्सिजन द्रावण हळूहळू खराब करतो. दोन्हींतला खरा फरक हाच आहे.

या वहीत मी दोन आकडे कायम वेगळे लिहिणार आहे. एक पकडलेल्या वायूचा आणि दुसरा टळलेल्या वायूचा. द्रावणातून वायू मोकळा करायला वाफ लागते, वाफेला इंधन लागते आणि ते इंधन जळले की नवा वायू हवेत जातो. पहिला आकडा नव्वद टक्क्यांवर नेणे अवघड नाही. दुसरा आकडा किती भरतो, हे समजून घेण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

१५ जानेवारी

संचाची पायाभरणी सुरू असतानाच आधी भट्टीची तपासणी हाती घेतली, कारण धूर आणि द्रावण जेथे भेटतात त्या शोषण मनोऱ्याचा आकार धुरावर ठरतो आणि धूर कसा असेल हे भट्टीची अवस्था ठरवते. हातातल्या ऑक्सिजन मापकाने दोन ठिकाणी मोजमाप केले. ज्वाला असलेल्या खालच्या कक्षाच्या माथ्याशी ऑक्सिजन तीन टक्के भरला, तर चिमणीच्या तळाशी सहा टक्के. बर्नरमधून शिरलेली हवा दोन्ही ठिकाणी सारखीच असते, त्यामुळे हा फरक मधल्या नळ्यांच्या भागातून आत शिरणाऱ्या फालतू हवेचा आहे.

भट्टीच्या आत बाहेरच्यापेक्षा दाब थोडा कमी ठेवलेला असतो, माथ्याशी पाण्याच्या स्तंभात सुमारे अडीच मिलिमीटर. त्यामुळे जेथे फट असेल तेथून हवा आत ओढली जाते. फर्नेसवर वर्षानुवर्षे काम केलेले ज्येष्ठ ऑपरेटर सोबत होते. त्यांनी पातळ कागदाची एक पट्टी नळ्यांच्या टोकांवरील पेटीच्या दाराजवळ धरली आणि ती सांध्याच्या कडेने हळूहळू फिरवत नेली. पेटीच्या खालच्या कोपऱ्यात पट्टी एकदम वाकली आणि सांध्याला चिकटून बसली. तेथला सिरॅमिक दोर केव्हाच झिजून गेला होता आणि दाराचा पत्रा उष्णतेने बाकलेला होता. अशाच फटी नळ्या बाहेर पडतात तेथील कड्यांभोवती आणि न वापरल्या जाणाऱ्या दोन झडपांशी सापडल्या.

शुद्ध मिथेन जळल्यास कोरड्या धुरात कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त पावणेबारा टक्के असू शकतो. तीन टक्के ऑक्सिजनला तो दहा टक्क्यांवर येतो आणि सहा टक्के ऑक्सिजनला सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या शब्दांत, तेवढाच वायू पकडण्यासाठी सुमारे सतरा टक्के जास्त धूर ब्लोअरने ओढायचा, थंड करायचा आणि मनोऱ्यातून न्यायचा. मनोऱ्याचा व्यास, त्यातले भरण (द्रावण पसरून धुराला भिडावे म्हणून आत भरलेले साहित्य) आणि ब्लोअरची वीज या सगळ्यांवर हा भार पडतो, आणि तो एका झिजलेल्या दोरामुळे पडतो.

३० जानेवारी

भट्टी चालू ठेवून जेवढ्या फटी बाहेरून बुजवता येतील तेवढ्या परमिट घेऊन बुजवल्या. पेटीच्या दारांना नवा दोर बसवला, कड्यांभोवती सिरॅमिक लोकर ठासली. चिमणीतला ऑक्सिजन साडेचार टक्क्यांवर आला. उरलेली गळती पत्र्याच्या आतल्या बाजूने आहे, ती शटडाऊनखेरीज हाती लागणार नाही.

१९ फेब्रुवारी

धूर काढून घेण्याची नळी चिमणीला जोडण्याविषयी आज भट्टीच्या कर्मचाऱ्यांसोबत बैठक झाली. ज्येष्ठ ऑपरेटरांनी थेट विचारले, "साहेब, तुमचा ब्लोअर मध्येच बंद पडला किंवा जास्त ओढायला लागला, तर माझ्या फर्नेसच्या ड्राफ्टचं काय?" ड्राफ्ट म्हणजे धूर वर ओढणारा भट्टीतला कमी दाब. हा प्रश्न अगदी योग्य होता. भट्टीतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढला तर ज्वाला आणि गरम धूर फटींतून बाहेर येतात, आणि त्याची झळ आधी दारापाशी उभ्या असलेल्या माणसाला लागते.

प्रायोगिक संचापुरते उत्तर सोपे आहे. आम्ही एकूण धुराचा अगदी लहान भाग घेतो, तोही डॅम्परच्या (चिमणीतल्या झडपेच्या) वरच्या बाजूने, आणि चिमणीचा मार्ग कायम मोकळा ठेवतो. ब्लोअर थांबला तर सारा धूर नेहमीच्या वाटेने वर जाईल. पूर्ण क्षमतेच्या प्रकल्पात मात्र जवळजवळ सगळा धूर वळवावा लागेल, आणि तेव्हाही चिमणी बंद करायची नाही, ब्लोअरची ओढ चिमणीच्या तळाशी असलेल्या दाबावरूनच ठरवायची, ही अट आम्ही आजच आराखड्यात लिहून ठेवली. काही मीटर उंचीपर्यंत बाहेरची हवा चिमणीतून उलटी खाली आली तरी चालेल, पण भट्टीचा श्वास अडता कामा नये.

१३ मार्च

संचातून आधी साधे पाणी, मग कॉस्टिक सोड्याचे सौम्य द्रावण फिरवून नळ्यांतले तेल आणि वेल्डिंगची घाण काढली. त्यानंतर मोनोइथॅनॉलअमाइनचे वजनी तीस टक्क्यांचे द्रावण भरले. तेलाचा अंश राहिला तर द्रावणाला फेस येतो आणि फेस आला की मनोरा तुंबतो, म्हणून या कामात घाई केली नाही.

२७ मार्च

पहिली सलग चाचणी झाली. धूर चाळीस अंशांवर थंड होऊन मनोऱ्याच्या तळाशी शिरतो, वरून द्रावण भरणावर पसरत खाली येते, आणि वायू घेऊन जड झालेले द्रावण उष्णता-विनिमयकातून गरम होत स्ट्रिपरमध्ये जाते. तेथे सुमारे १२० अंशांवर वायू सुटा होतो. त्याहून जास्त तापवले तर अमाइनचे रेणू आपसांत जोडले जाऊन निकामी होऊ लागतात, म्हणून रिबॉयलरला (स्ट्रिपरच्या तळाशी द्रावण तापवणाऱ्या भांड्याला) आम्ही कमी दाबाचीच वाफ देतो.

पकडीचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. मात्र उष्णतेचा खर्च पकडलेल्या टनामागे ४.४ गिगाज्यूल भरला. संच लहान असल्याने त्याच्या पृष्ठभागातून उष्णता निसटते, आणि स्ट्रिपरच्या वरच्या भागाचे लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) अजून पुरे झालेले नाही.

३ एप्रिल

प्रयोगशाळेतील बाईंनी द्रावणातील वायूचा भार (अमाइनच्या एका रेणूमागे वायूचे किती रेणू) मोजण्याची पद्धत आज दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांना समोर करून दाखवली. मनोऱ्याच्या तळातून काढलेला फिकट पिवळसर नमुना त्यांनी कॉस्टिक सोडा आणि बेरियम क्लोराइडच्या द्रावणात सोडला, तेव्हा क्षणात सगळे मिश्रण दुधाळ झाले. मंद आचेवर ऊब देऊन ते निवू दिले की बेरियम कार्बोनेटचा पांढरा साका तळाशी बसतो. तो गाळून, कागदासकट धुऊन, मोजलेल्या आम्लात विरघळवायचा आणि उरलेल्या आम्लावरून हिशेब करायचा. स्ट्रिपरमधून आलेल्या नमुन्याचा साका डोळ्यांनाही निम्म्याहून कमी दिसत होता.

अमाइनचे दोन रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू धरतात, त्यामुळे भार व्यवहारात ०.५ च्या फारसा वर जात नाही. आमचा जड भार (मनोऱ्याच्या तळाचा) ०.४७ आणि हलका भार (स्ट्रिपरमधून परतणाऱ्या द्रावणाचा) ०.२२ निघाला. दोन्हींतला ०.२५ एवढाच फरक कामाचा. म्हणून एक टन वायूसाठी सुमारे साडेअठरा टन द्रावण फिरवावे लागते. मीटरवरचा प्रवाह आणि या चाचणीतून निघणारा वायूचा हिशेब जुळला, याचा मला विशेष आनंद आहे, कारण पुढचे सगळे आकडे यावर उभे राहणार आहेत.

२२ एप्रिल

लॅगिंग पुरे झाल्यावर द्रावणाचा प्रवाह कमी-जास्त करून उष्णतेचा खर्च पुन्हा मोजला. प्रवाह फार कमी ठेवला तर द्रावणातून वायू अगदी पिळून काढावा लागतो आणि स्ट्रिपरच्या माथ्यातून वायूबरोबर निष्कारण पुष्कळ वाफ निघून जाते. प्रवाह फार वाढवला तर तेवढे सगळे द्रावण तापवत बसावे लागते. या दोन्हींच्या मध्ये, हलका भार ०.२२ च्या आसपास असताना, खर्च सर्वांत कमी म्हणजे ३.७ गिगाज्यूल येतो.

या ३.७ ची फोड समजून घेण्यासारखी आहे. सुमारे १.९ गिगाज्यूल अमाइन आणि वायू यांचा रासायनिक बंध सोडवण्यात जातात आणि कितीही उत्तम यंत्रे बसवली तरी हे द्रावण वापरत असेतो त्यात सूट मिळत नाही. सुमारे ०.७ द्रावण तापवण्यात जातात. विनिमयकाच्या गरम टोकाशी दहा अंशांचा फरक धरून हा आकडा आहे, आणि पट्ट्यांवर गाळ बसून फरक पंधरा अंश झाला तर त्यात आणखी एक-तृतीयांश गिगाज्यूलची भर पडेल. उरलेले १.१ माथ्यातून जाणाऱ्या वाफेचे. वाफेच्या भाषेत हे सर्व मिळून टनामागे पावणेदोन टन वाफ होते.

१४ मे

कारखान्यातला हायड्रोजनयुक्त वायू आज भट्टीला दिला गेला आणि धुरातील कार्बन डायऑक्साइड लगेच घटला, कारण हायड्रोजन जळून फक्त पाणी तयार होते. पकडीचा दर कमी दिसला म्हणून पाळीत काळजी व्यक्त झाली, पण हे चांगलेच लक्षण आहे. जो वायू मुळात तयारच झाला नाही, तो पकडण्याची गरज नाही. पूर्ण प्रकल्पाची रचना करताना अशा दिवसांना द्रावणाचा प्रवाह आपोआप कमी व्हावा, अशी नियंत्रणाची तरतूद करावी लागेल.

४ जून

यंदा मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. उकाडा कमी झाला की थंड पाण्याचे तापमानही उतरेल आणि मनोरा सुधारेल, अशी काहींची अपेक्षा होती. कूलिंग टॉवर मात्र हवा किती गार आहे यापेक्षा तिच्यात किती बाष्प मावेल यावर चालतो, आणि खाडीलगतच्या या पट्ट्यात पावसाळ्यात हवा बाष्पाने भरलेलीच असते. मे महिन्यात टॉवरचे पाणी ३२ अंशांवर मिळत होते, आता ३१ वर मिळते. थंड हवेच्या देशांतील प्रकल्पांचे आकडे उचलून आपल्या आराखड्यात घालू नयेत, याचे हे एक कारण आहे.

पाण्याचा हिशेबही यानिमित्ताने पुरा केला. धुरात सहाव्या हिश्शाइतके बाष्प असते आणि चाळीस अंशांपर्यंत थंड करताना टनामागे अर्ध्या टनाहून थोडे जास्त पाणी सुटते. ते किंचित आम्लधर्मी असते, पण प्रक्रिया करून टॉवरला वापरता येईल. दुसऱ्या बाजूला, संचातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी टॉवरमधून सुमारे अडीच टन पाणी वाफ होऊन जाते. फरक दोन टनांचा, आणि तो औद्योगिक वसाहतीच्या नळातून, म्हणजे बारवी धरणातून, भरून काढावा लागणार. कर्बाचा हिशेब मांडताना पाण्याचा खर्च कोणी झाकू नये.

१० जुलै

द्रावणाचा रंग आता गडद चहासारखा झाला आहे. ऑक्सिजनमुळे अमाइनचे तुकडे होऊन त्यातून फॉर्मिक आणि ऑक्झॅलिक आम्ले तयार होतात, ती उरलेल्या अमाइनला कायमची धरून बसतात आणि असे क्षार स्ट्रिपरच्या उष्णतेने सुटत नाहीत. विरघळलेले लोह ही प्रक्रिया आणखी वेगाने घडवते. आमच्या नमुन्यांत लोह वाढते आहे. जड द्रावणाच्या नळीचा साध्या पोलादाचा एक तुकडा त्याला कारण असावा, म्हणून तो स्टेनलेसचा करण्याचे ठरले.

याच विघटनातून अमोनियाही निघतो आणि मनोऱ्याच्या माथ्याशी तो नाकाला जाणवतो. माथ्यावर पाण्याने धुण्याचा टप्पा आहे, तो अमाइनची वाफ नीट अडवतो, पण अमोनिया त्याला पुरेसा जुमानत नाही. त्यासाठी सौम्य आम्लाने धुण्याचा आणखी एक टप्पा हवा. कारखान्याच्या कुंपणापलीकडे आज दाट वस्ती आहे आणि रात्रीच्या उग्र वासांविषयी नवी मुंबईतील रहिवासी अनेक वर्षे बोलत आले आहेत. हवामानासाठी म्हणून उभारलेल्या प्रकल्पाने शेजारच्या घरांत अमोनियाचा वास सोडावा, हे मला मान्य नाही. आम्लाचा टप्पा पूर्ण प्रकल्पात ऐच्छिक राहणार नाही, असे मी अहवालात स्पष्ट लिहिले आहे.

खराब झालेले द्रावण घातक कचऱ्यात मोडते आणि ते तळोज्याच्या सामायिक केंद्राकडे पाठवले जाईल.

२४ जुलै

पंपाच्या खोलगट जागेत वायूमापक बसवले. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तेथेच साचेल. पाच हजार पीपीएमला (हवेच्या दशलक्ष भागांत पाच हजार भाग) इशारा वाजतो, आणि तो वाजल्यावर कोणीही एकट्याने खाली उतरायचे नाही.

१९ ऑगस्ट

टळलेल्या वायूचा हिशेब आज पहिल्यांदा पूर्ण मांडला. पूर्ण प्रकल्पासाठी नैसर्गिक वायूवर चालणारा नवा बॉयलर घेतला असे धरले, तर ३.७ गिगाज्यूल उष्णतेसाठी, ८८ टक्के कार्यक्षमतेने, सुमारे ४.२ गिगाज्यूल इंधन जाळावे लागेल. नैसर्गिक वायूच्या एका गिगाज्यूलमागे ५६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे २३५ किलो येथेच गेला. ब्लोअर, पंप आणि वायू दाबण्याचे यंत्र मिळून दीडशे युनिट वीज धरली आणि देशाच्या ग्रिडमधील विजेच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो वायू धरला, तर आणखी १०५ किलो. एक टन पकडून प्रत्यक्षात टळतात ६६० किलो.

बैठकीत एक सूचना आली की चिमणीतून २८० अंशांवर जाणारी उष्णता फुकट आहे, तीच वापरावी. हिशेब केला. धूर १६० अंशांपर्यंत उतरवला तर पकडलेल्या टनामागे १.१ गिगाज्यूल मिळतात, म्हणजे गरजेच्या एक-तृतीयांशापेक्षाही कमी. शिवाय तीच उष्णता बर्नरची हवा तापवायला वापरली तर भट्टीचे इंधन पाच-सहा टक्क्यांनी कमी होते, आणि तेवढाच वायू कोणतेही द्रावण न फिरवता टळतो. दोन्ही वाटांनी फायदा जवळपास सारखा निघतो, आणि तसाच निघायला हवा, कारण उष्णता एकच आहे. ती दोन रकान्यांत दोनदा जमा दाखवता येणार नाही. मग जी वाट स्वस्त, साधी आणि उद्या सुरू करण्यासारखी आहे ती आधी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. ती वाट हवा तापवण्याची आहे.

खरोखर वाया जाणारी उष्णता कारखान्यात दुसरीकडे आहे. दहा बार दाबाच्या कंडेन्सेटच्या (वाफ निवून झालेल्या गरम पाण्याच्या) टाकीतून दिवसरात्र वाफ आकाशात जाते. हे कंडेन्सेट अडीच बारच्या भांड्यात सोडले तर शंभर टनांमागे नऊ टन वाफ रिबॉयलरला चालेल अशा दाबाने मिळते आणि तिच्यासाठी नवे इंधन जळत नाही.

११ सप्टेंबर

पकडलेला वायू द्यायचा कोठे, या प्रश्नावर आज चर्चा झाली. शीतपेये, कोरडा बर्फ, वेल्डिंग आणि अग्निशामक यांची बाजारपेठ मर्यादित आहे, आणि तेथे इथिलीन ऑक्साइडच्या कारखान्यांतून जवळजवळ शुद्ध स्वरूपात निघणारा वायू आधीच उपलब्ध असतो. शिवाय पेयात घातलेला वायू काही दिवसांत पुन्हा हवेतच जातो. देशात तुतिकोरिनला २०१६ पासून बॉयलरच्या धुरातला वायू धुण्याचा सोडा (सोडा ॲश) बनवण्यासाठी वापरला जातो, जमशेदपूरला २०२१ साली पोलाद कारखान्यात दिवसाला पाच टनांचा आणि विंध्याचलला २०२२ साली वीजकेंद्रात वीस टनांचा संच सुरू झाला. रासायनिक उपयोग शोधणे हे काम तेथेही महत्त्वाचे ठरले.

भूगर्भात साठवण्याच्या दृष्टीने आपल्या पायाखालचा खडक मोलाचा आहे. शेजारचा पारसिकचा डोंगर ज्या बेसाल्टचा आहे, त्याच जातीच्या खडकात आइसलँडमध्ये २०१२ पासून पाण्यात विरघळवलेला वायू सोडला गेला आणि त्याचा ९५ टक्के भाग दोन वर्षांच्या आत खनिज होऊन दगडात बसला. मात्र त्या पद्धतीत एक टन वायूसाठी सुमारे २५ टन पाणी लागते, आणि दख्खनचा खडक तेथल्यापेक्षा कितीतरी जुना असल्याने त्याच्या पोकळ्या बऱ्याच अंशी भरलेल्या आहेत. विंधनविहिरी घेऊन तपासल्याशिवाय यावर कोणतेही आश्वासन देणे योग्य नाही. पवईच्या आयआयटीत या विषयाचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांच्याकडे आमचे धुराचे विश्लेषण पाठवण्याची परवानगी मागितली आहे.

३० सप्टेंबर

अहवाल आज व्यवस्थापनाकडे दिला. २०२३ साली अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत पेट्रोरसायन क्षेत्राचा समावेश आहे आणि तिचे माप उत्पादनाच्या टनामागे होणारे उत्सर्जन हे आहे, त्यामुळे बॉयलरमधून निघालेला वायू तेथेही आमच्याच खात्यावर पडेल.

शिफारशी क्रमाने मांडल्या आहेत. पुढच्या शटडाऊनमध्ये नळ्यांच्या भागाचा पत्रा आणि आतले अस्तर बदलावे, त्याच वेळी हवा तापवणारे यंत्र बसवावे, आणि कंडेन्सेटसाठी अडीच बारचे भांडे उभारावे. त्यानंतर चिमणीतील ऑक्सिजन साडेतीन टक्क्यांच्या आत स्थिर राहतो हे पाहून मगच शोषण मनोऱ्याचा व्यास पक्का करावा, आणि त्याचा पहिला टप्पा कंडेन्सेटच्या वाफेवर जेवढा चालेल तेवढ्याच क्षमतेचा असावा. प्रायोगिक संच तोपर्यंत बंद ठेवायचा नाही. स्टेनलेसची नळी बसल्यावर ताज्या द्रावणाने तो पुन्हा चालवायचा आहे, आणि लोह व अमोनिया यांची नोंद दर आठवड्याला करण्याचे काम प्रयोगशाळेने स्वीकारले आहे.